वेण्णाकाठची वाट, महाबळेश्वर

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर येथे वेण्णा तलावाच्या बांधापासून निघून नदीच्या प्रवाहाबरोबर पूर्वेकडे लिंगमळा धबधब्यापर्यंत जाणारा सुमारे चार किलोमीटरचा टप्पा. काही भाग पाचगणीच्या हमरस्त्याने, काही मळ्यांच्या कडेने आणि शेवटचा भाग वन खात्याच्या रानातून असा हा रस्ता आहे. पायी सावकाश गेले तरी दीड-दोन तासांत तो पुरा होतो. नौकाविहार, घोडे, मक्याची कणसे आणि स्ट्रॉबेरी यांच्यासाठी हा भाग सर्वांना माहीत आहे. मात्र महाबळेश्वरच्या ठाण्याच्या पहिल्या चाळीस वर्षांत इथल्या सडका आणि भाजीपाल्याचे मळे ज्यांच्या श्रमांवर उभे राहिले, त्यांत समुद्रापलीकडून आणलेल्या चिनी आणि मलायी बंदिवानांचा वाटा मोठा होता. हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर धाडलेल्यांची कहाणी मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असते. तेच पाणी उलट दिशेने ओलांडून सह्याद्रीच्या माथ्यावर आणलेल्या माणसांची ओळख मराठीत फारशी झालेली नाही, म्हणून या नोंदीत त्यांच्याकडे अधिक लक्ष दिले आहे.

महाबळेश्वरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७२ मीटर उंच आहे. विल्सन पॉइंट हा त्याचा सर्वोच्च भाग १,४३८ मीटरवर येतो. खाली काळा पाषाण आणि माथ्यावर जांभा अशी इथल्या डोंगराची रचना. जांभा स्पंजासारखा सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात पाणी पितो आणि पुढे कित्येक महिने झऱ्यांवाटे सोडत राहतो. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम मानले जातात, त्या श्रद्धेमागे भूगर्भाचा हा आधारही आहे. वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस इथे पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. रस्ता बांधणाऱ्याच्या दृष्टीने ही एकच गोष्ट बाकी सगळ्या अडचणींपेक्षा मोठी ठरते.

वेण्णा ही या पाचांतली सातारकरांची घरची नदी. महाबळेश्वरच्या पठारावरून निघून ती लिंगमळ्याला कड्यावरून खाली उडी घेते, मेढ्यावरून जावळीच्या खोऱ्यातून वाहते, कण्हेरच्या धरणात थांबते आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेला मिळते. पठारावर तिचे रूप अगदीच लहान आहे. उन्हाळ्यात तलावाखालचा प्रवाह पोरासोरांना उडी मारून ओलांडता यावा एवढाच राहतो.

इंग्रजांचे ठाणे इथे बसण्याआधी पठारावर वस्ती होती ती क्षेत्राच्या पुजाऱ्यांची आणि डोंगरातल्या कुळवाडी, कोळी, धनगर व धावड लोकांची. धावड हे लोखंड गाळणारे. जांभ्यातले खनिज आणि रानातला कोळसा यांवर त्यांच्या भट्ट्या चालत. पुढे इंग्रजांनी रान राखायला घेतले तसा हा धंदा मोडत गेला. १८२४ मध्ये जनरल लॉडविक हा अधिकारी प्रतापगडाच्या बाजूचा कडा चढून वर आला आणि इथल्या हवेची वार्ता पुण्या-मुंबईच्या गोऱ्या वर्तुळात पसरली. १८२६ मध्ये साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ब्रिग्ज याने स्वतःसाठी घर बांधले आणि छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून साताऱ्याहून वर येणारा चांगला रस्ता करवून घेतला. म्हणजे महाबळेश्वरला जाणारी पहिली नवी सडक सातारच्या दरबाराची होती, ही गोष्ट नीट लक्षात ठेवली पाहिजे. त्यानंतर मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने इथे आरोग्यस्थान काढण्याचे ठरवले. १८२९ मध्ये वाई भागातले खंडाळा गाव महाराजांना देऊन त्याबदल्यात ईस्ट इंडिया कंपनीने हा डोंगरमाथा घेतला. बाजारपेठ वसली, तिला माल्कम पेठ नाव पडले.

पेठ वसली तरी ती चालवायला माणसे कमी पडत होती. ठाणे म्हटले की बंगल्याबंगल्याला गाडी पोचेल अशी सडक, घोड्यांना फिरायला वाटा, पाण्याची सोय, बटाटे, कोबी, सलगम असल्या भाज्या, हे सगळे आले. डोंगरातला कुळवाडी नाचणी-वरीच्या शेतीत गुंतलेला, आणि पावसाळ्यात तर सगळे पठारच बंद पडायचे. बंगले कोळम गवताच्या झडपांनी झाकून साहेबलोक खाली उतरत. अशा ठिकाणी बारमाही राबणारी, पळून जायला जवळ मुलूख नसलेली, बोलायला भाषा नसलेली माणसे कंपनीच्या हिशेबात सोयीची होती.

कैद्यांना सडकेवर लावणे ही त्या काळी सर्वत्र रूढ पद्धत होती. सक्तमजुरीची शिक्षा म्हणजे पायात बेडी आणि हातात कुदळ, हा सरळ अर्थ. तुरुंगाच्या भिंतीआड दळण, विणकाम, छपाई असली कामे देण्याची कल्पना नंतरची. हिंदुस्थानातल्या तुरुंगांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीने, जिच्यात मेकॉले हा एक सभासद होता, १८३८ मध्ये अहवाल दिला आणि कैद्यांना रस्त्यावर राबवण्याच्या पद्धतीवर कठोर टीका केली. उघड्यावर शिस्त राहत नाही, कैदी आजारी पडतात आणि मरतात, आणि शिक्षेचा धाकही उरत नाही, असा तिचा रोख होता. मध्यवर्ती तुरुंग बांधावेत ही तिची शिफारस अमलात यायला मात्र पुढची काही दशके लागली. महाबळेश्वरचा तुरुंग याच संधिकाळातला आहे. तो १८३०च्या दशकात बांधला गेला आणि १८६४ मध्ये बंद झाला.

आता हे चिनी आणि मलायी लोक इथे आले कसे? कंपनी सरकार अठराव्या शतकाच्या अखेरीपासून हिंदुस्थानातले जन्मठेपेचे कैदी समुद्रापार पाठवीत होते. आधी सुमात्रातल्या बेंकुलेनला, मग पिनांगला, आणि १८२५ पासून सिंगापूरला. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून सुमारे दीड हजार कैदी मॉरिशसलाही गेले आणि तिथल्या सडका त्यांनी बांधल्या. १८३६ मध्ये मॉरिशसला उतरलेल्या चार्ल्स डार्विनने या हिंदी कैद्यांना पाहिले आणि त्यांच्या चेहऱ्यांबद्दल आदराने लिहून ठेवले. सिंगापूर तर मोठ्या प्रमाणात हिंदी बंदिवानांच्या हातचे शहर आहे. तिथले सेंट अँड्र्यूज कथीड्रल आणि गव्हर्नरचा राजवाडा ही त्यांची कामे. दलदल भरून काढणे, जंगल तोडून सडका आत नेणे हे तर त्यांचे रोजचेच काम होते. अंदमानची वसाहत १८५८ ची. त्याआधी मुंबई इलाख्यातल्या माणसाला ‘काळे पाणी’ झाले म्हणजे तो बहुधा मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे गेला असे समजावे.

पण जी जागाच कैद्यांची वसाहत, तिथल्या गुन्हेगाराला हद्दपार करायचे कुठे? पिनांग, मलाक्का, सिंगापूर इथे चाचेगिरी, दरोडा, खून अशा गुन्ह्यांत सापडलेल्या चिनी आणि मलायी लोकांना तिथल्या न्यायालयांनी जन्मठेप दिली, तर त्यांना समुद्र ओलांडून हिंदुस्थानात पाठवले जाई. काही मद्रास इलाख्यात गेले, काही मुंबई इलाख्यात. मद्रासकडच्यांतले पुढे निलगिरीत पोचले. नडुवट्टमच्या सिंकोना लागवडीत त्यांनी काम केले, आणि सुटल्यावर तिथेच तमिळ बायकांशी संसार थाटलेल्या त्यांच्यातल्या काहींच्या कुटुंबांची नोंद एडगर थर्स्टन याने १८९०च्या दशकात केली आहे. मुंबईकडच्यांना महाबळेश्वर मिळाले. या अदलाबदलीत एक विलक्षण गोष्ट घडली: कोकणातला किंवा देशावरचा एखादा दरोडेखोर सिंगापूरच्या सडकेवर माती टाकत असताना सिंगापूरचा एखादा चाचा जावळीच्या माथ्यावर जांभा फोडत होता. दोघांनाही घरापासून तोडणे हाच शिक्षेचा गाभा होता, आणि दोघांच्याही अंगमेहनतीवर एकाच कंपनीची दोन ठाणी उभी राहत होती. या व्यवस्थेचा खर्च-जमा मांडणाऱ्यांना ही काटकसर फार आवडली असावी. माणसांच्या बाजूने पाहिले तर ती निर्दय होती, आणि ते इथे स्पष्ट म्हटले पाहिजे.

महाबळेश्वरच्या तुरुंगात सुमारे १२० कैदी राहतील एवढी जागा होती. तुरुंग म्हणून तो फारसा कडक नव्हता. दिवसाचा बराच वेळ कैदी बाहेर, सडकेवर नाहीतर मळ्यात असत. ठाण्यावरच्या अनेक सडका त्यांनी केल्या आणि राखल्या. वेताच्या टोपल्या आणि करंड्या ते विणत. त्यांची सगळ्यांत टिकाऊ देणगी मात्र मळ्यांची आहे. दक्षिण चीनचा शेतकरी लहानशा तुकड्यात वाफे पाडून, खत-पाणी हाताने देऊन वर्षभर भाजी काढण्यात पटाईत. सामुद्रधुनीतल्या चिनी वस्त्यांतही ही विद्या होती. ती इथे कामी आली. बटाटा, इंग्रजी भाज्या, आरारूट ही पिके त्यांनी वेण्णेच्या काठी आणि पठाराच्या इतर ओलसर भागांत घेतली. महाबळेश्वरचा बटाटा पुढे मुंबई-पुण्याच्या बाजारात नावाजला. स्थानिक कुळवाड्यांनी हे तंत्र पाहिले, उचलले, आणि चिनी मळे ओस पडले तेव्हाही पिके राहिली. नाचणी-वरीच्या डोंगरात नगदी भाजीपाल्याची शेती रुजली ती अशी, बेडी घातलेल्या माणसांकडून. १८६४ मध्ये तुरुंग मोडला तेव्हा काही कैद्यांना परवान्यावर मोकळे राहण्याची मुभा मिळाली.

सडकेच्या कामाकडे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. सहा हजार मिलिमीटर पावसाच्या डोंगरात रस्ता म्हणजे मुळात पाण्याची वाट लावण्याचे काम. आधी डोंगराच्या बाजूने उतार छाटायचा. निघालेली माती दरीच्या बाजूला टाकून रुंदी मिळवायची, आणि ती माती पहिल्याच पावसात वाहून जाऊ नये म्हणून तिच्याखाली दगडी ताल रचायचा. हे ताल बहुधा सुके असतात, चुन्याशिवाय रचलेले. मोठे दगड तळाला, प्रत्येक थर किंचित आत डोंगराकडे झुकलेला, आणि मधूनमधून एखादा लांब दगड आडवा आत घुसवलेला, म्हणजे पुढची भिंत मागच्या भरावाला धरून राहते. चुना नसल्यामुळे फटींतून पाणी झिरपून जाते. हीच या बांधणीची युक्ती आहे. पक्की बंद भिंत घातली की मागे पाणी तुंबते आणि अख्खा ताल पोट काढून कोसळतो. रस्त्याच्या आतल्या अंगाला चर, आणि ठरावीक अंतरावर सडकेखालून पाणी पलीकडे काढणाऱ्या दगडी मोऱ्या. वर जांभ्याचा चुरा आणि मुरूम पसरायचा, धुमसाने ठोकायचा आणि मधोमध किंचित उंच ठेवायचा. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो. टिकावाने छाटता येतो. उघड्यावर वाऱ्या-उन्हात तो कडक होत जातो. त्यामुळे हत्यारे साधी असली तरी काम उठते, पण ते उठवायला हात लागतात, पुष्कळ हात. पहार, टिकाव, कुदळ, पाटी. पावसाळा सरला की चर उपसायचे, वाहून गेलेला मुरूम पुन्हा टाकायचा, ढासळलेला ताल पुन्हा रचायचा. एकदा रस्ता केला की झाले, असे इथे कधीच होत नाही. महाबळेश्वरच्या सडका बांधल्या असे आपण म्हणतो, पण खरे काम दर दसऱ्यानंतर नव्याने सुरू होई, आणि ते तीसेक वर्षे या लोकांनी केले.

आजच्या हमरस्त्यावर डांबराचे थर चढले आहेत, रुंदीकरण झाले आहे. दरबाराची सडक, कंपनीची सडक आणि सार्वजनिक बांधकाम खात्याची सडक या तिन्ही एकमेकींवर बसलेल्या आहेत. जुना हात पाहायचा असेल तर हमरस्ता सोडून पॉइंटांकडे आणि बंगल्यांकडे जाणाऱ्या लाल मातीच्या वाटा धराव्या. तिथे झाडीत अजूनही जुन्या सुक्या रचाईचे ताल दिसतात, शेवाळ चढलेले, फटींतून नेचे उगवलेले.

वेण्णाकाठच्या वाटेची सुरुवात तलावापासून करावी. बाजारापासून तलाव दोनेक किलोमीटरवर आहे. साताऱ्याचे राजे शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी तो १८४२ मध्ये बांधला. २८ एकरांचा हा तलाव बारमाही झऱ्यांवर भरतो. प्रतापसिंह महाराजांना कंपनीने १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवले होते आणि त्यांच्या जागी या धाकट्या भावाला बसवले होते. शहाजी महाराजांच्या मृत्यूनंतर, १८४९ मध्ये, दत्तक नामंजूर करून सातारचे राज्यच खालसा झाले. राज्य बुडण्याआधी सात वर्षे बांधलेला हा तलाव सातारच्या गादीच्या अखेरच्या मोठ्या बांधकामांपैकी एक म्हणता येईल. त्याची आठवण इथे येणाऱ्या मराठी माणसाने ठेवावी. नौकांच्या गर्दीत ती राहत नाही.

बांधावरून पुढे निघाले की नदी रस्त्याच्या कडेने खोलगटीत उतरते आणि दोन्ही काठांना मळे लागतात. ऑक्टोबरात गेलात तर स्ट्रॉबेरीची लावण नुकतीच आटोपलेली असते. गादीवाफ्यांवर काळे प्लॅस्टिक ताणलेले, त्याला ठरावीक अंतरावर गोल भोके, आणि प्रत्येक भोकात तीन-चार पानांचे रोप. वाफ्याच्या पोटातून ठिबकची नळी गेलेली. मातृरोपे परदेशातून आणून त्यांना फुटणाऱ्या धावत्या फांद्यांपासून नवी रोपे करायची, सप्टेंबरच्या सुमारास ती लावायची आणि नोव्हेंबरअखेरपासून एप्रिलपर्यंत तोडा घ्यायचा, असे हे चक्र आहे. फळ पिकताना मातीला टेकले की कुजते, म्हणून प्लॅस्टिकचे आच्छादन. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. कडेला गाजर, बीट, लाल मुळा, फरसबी विकणाऱ्या बायका बसलेल्या असतात. मुळ्याची जुडी त्या समोरच पाण्यात बुडवून झटकतात तेव्हा लाल माती उतरते आणि खालचा गुलाबी रंग उघडा होतो. या वाफेशेतीची सुरुवात इथे कोणी केली हे वर आलेच आहे.

मळे संपता संपता झाडी दाट होते. जांभूळ, हिरडा, पिसा, अंजनी ही इथली मुख्य झाडे, सदाहरित पण बुटकी, कारण वारा त्यांना फार वाढू देत नाही. अंजनीला मार्चच्या आसपास निळी-जांभळी फुले खोडालगत दाटून येतात. उतारांवर कारवी माजलेली असते. ती काही वर्षांच्या अंतराने एकदाच फुलते आणि मग वाळून जाते. सप्टेंबरअखेर सोनकीने सगळे माळ पिवळे होतात. नदीच्या घळीत शीळकरी कस्तुर भेटतो. पहाटे त्याची माणसासारखी शीळ ऐकून पहिल्यांदा येणारा माणूस वळून पाहतोच. शेकरू दिसण्याची शक्यताही चांगली आहे.

वाट लिंगमळ्याला संपते. वन खात्याच्या फाटकापासून आत चालत गेले की आधी लहान धबधबा लागतो आणि पुढे मोठा, जिथे वेण्णा सुमारे ५०० फूट खाली झेपावते. १८६०च्या दशकात सरकारने लिंगमळ्याला सिंकोनाची लागवड करून पाहिली होती. हिवतापावरचे क्विनाइन या झाडाच्या सालीपासून मिळते आणि लष्कराला त्याची फार गरज होती. निलगिरीत जे साधले ते इथे साधले नाही. इथला मुसळधार पाऊस आणि त्यानंतरचे कोरडे महिने झाडांना सोसले नाहीत. तोपर्यंत महाबळेश्वरचा तुरुंगही मोडला होता. निलगिरीत सिंकोनाच्या कामावर चिनी बंदिवान होते, इथे ती लावायची वेळ आली तेव्हा ते उरले नव्हते.

महाबळेश्वरच्या या बंदिवानांचा जगातल्या मोठ्या कथेशी एका माणसामुळे थेट सांधा जुळतो. सर जॉर्ज आर्थर हा १८४२ ते १८४६ मुंबईचा गव्हर्नर होता. त्याआधी १८२४ ते १८३६ अशी बारा वर्षे तो व्हॅन डीमेन्स लँड, म्हणजे आजच्या टास्मानियाचा लेफ्टनंट गव्हर्नर होता, आणि ती वसाहत म्हणजे इंग्लंडमधून पाठवलेल्या कैद्यांचे बेट. पोर्ट आर्थर हा तिथला कुप्रसिद्ध तुरुंग त्याच्याच नावाचा. त्याच्या कारकिर्दीत होबार्टजवळ ब्रिजवॉटरला डर्वेंट नदीत दगडमातीचा लांब भराव टाकण्याचे काम बेड्या घातलेल्या कैद्यांकडून सुरू झाले. तिथला कारभार केलेला हा अधिकारी मुंबईच्या गव्हर्नरपदी असताना महाबळेश्वरच्या सडकांवर चिनी कैदी राबत होते. कैद्याला सरकारी कामाला जुंपणे ही त्याला काही नवी गोष्ट वाटली नसणार. इथल्या प्रसिद्ध आर्थर सीट पॉइंटचा मात्र या गव्हर्नराशी संबंध नाही. ते नाव तिथे पहिले घर बांधणाऱ्या आर्थर मॅलेट याच्यावरून पडले. तसेच लॉडविक पॉइंटचे जुने नाव सिडनी पॉइंट असले तरी त्याचा ऑस्ट्रेलियाशी काही संबंध नाही. १८३१ मध्ये महाबळेश्वरलाच वारलेला गव्हर्नर सर सिडनी बेकविथ याचे ते नाव.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या उत्तरेला हॉक्सबरी नदीकाठी वायझमन्स फेरी येथे कैद्यांनी बांधलेल्या ‘ग्रेट नॉर्थ रोड’चा एक भाग आज पायी चालण्यासाठी राखला आहे. १८२६ ते १८३६ या दहा वर्षांत, सिडनीपासून हंटर नदीच्या खोऱ्यापर्यंत सुमारे २५० किलोमीटर लांबीचा तो रस्ता बांधला गेला. वसाहतीत पुन्हा गुन्हा करणाऱ्या कैद्यांच्या बेडीवाल्या टोळ्या त्यावर कामाला होत्या. डेव्हाइन्स हिलच्या चढावर त्यांनी रचलेले उंच दगडी ताल, मोऱ्या आणि सुरुंगांची भोके माणसे आज मुद्दाम पाहायला जातात. पूर्ण होता होताच दुसऱ्या वाटा आणि आगबोटी निघाल्याने तो रस्ता मागे पडला, म्हणूनच जसाच्या तसा वाचला. २०१० मध्ये युनेस्कोने ऑस्ट्रेलियातली कैद्यांची ११ स्थळे जागतिक वारसा म्हणून नोंदवली, त्यांत हा रस्ता आहे. महाबळेश्वरच्या सडका याउलट सतत वापरात राहिल्या, रुंदावत गेल्या, आणि वापराखाली त्यांचा पूर्वेतिहास दबला. कामाची जात एकच, काळही एकच. तिथल्या कैद्यांच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांचा शोध घेतला, जहाजांच्या याद्या वाचल्या. महाबळेश्वरच्या चिनी कैद्यांचा असा शोध घेणारे मागे कोणी राहिले नाही, आणि ती जबाबदारी आता इथल्या अभ्यासकांची आहे. सामुद्रधुनी वसाहतींचे आणि मुंबई सरकारचे न्याय व तुरुंग खात्याचे जुने दप्तर हा त्याचा आरंभ होऊ शकतो.

ठाण्याच्या नकाशावर एल्फिन्स्टन, कार्नॅक, फॉकलंड, विल्सन ही नावे जागोजाग आहेत. बंदिवानांची खूण एकाच जागी उरली आहे. पठाराच्या दक्षिण अंगाला, कोयनेच्या खोऱ्याकडे कोसळणाऱ्या एका धबधब्याला ‘चायनामन’ म्हणतात, कारण त्याच्या शेजारी चिन्यांचे मळे होते. तो लिंगमळ्यापेक्षा लहान आहे आणि पावसाळा संपताच आटत जातो. वेण्णाकाठची वाट संपवून वेळ उरला तर तिकडे जरूर जावे. जोडीला धोबी धबधब्याचे नाव नेहमी घेतले जाते, तोही लहानच.

२००१ मध्ये केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, त्यामुळे इथल्या बांधकामांवर आणि वृक्षतोडीवर बंधने आली. नदीकाठच्या मळ्यांना आणि रानाला त्याचा उपयोग झाला. जुन्या तालांकडे आणि मोऱ्यांकडे मात्र वारसा म्हणून पाहायला हवे. रुंदीकरणाच्या कामात एखादा ताल काढून सिमेंटची भिंत घातली की दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या हातकामाचा पुरावा एका दिवसात जातो, आणि वर म्हटल्याप्रमाणे त्या जागी पाणीही तुंबते.

महाबळेश्वरला पुण्याहून वाई आणि पसरणी घाटाने, साताऱ्याहून मेढा आणि केळघर घाटाने, कोकणातून पोलादपूर आणि आंबेनळी घाटाने येता येते. तिन्ही मार्गांवर एस.टी. आहे. पाचगणीकडे जाणारी गाडी वेण्णा तलाव आणि लिंगमळा फाटा या दोन्ही ठिकाणांवरून जाते, त्यामुळे एका टोकाला उतरून दुसऱ्या टोकाला गाडी पकडता येते. सुट्टीच्या दिवसांत हमरस्त्यावर वाहनांची रांग लागते, तेव्हा सकाळी आठच्या आत निघावे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा चालण्याला उत्तम काळ. धबधबा भरात पाहायचा तर ऑगस्ट-सप्टेंबर, पण तेव्हा धुके दाट असते, खडक निसरडे होतात आणि लिंगमळ्याच्या कड्याजवळ कठड्याबाहेर पाऊल टाकू नये.